थांबून येणारं पिल्लू

उमाचं डोकं कडब्याच्या गंजीत होतं आणि पाय बाहेर, नेमका तेव्हा तो आला. नशिबानं तरी जरा बरी वेळ बघायची की नाही?

पौषातली सकाळ होती. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात हुरड्याच्या आगटीचा धूर रेंगाळत होता. झिपरीनं, म्हणजे रामरावांच्या कुत्रीनं, गेल्या सालच्या उरल्यासुरल्या गंजीच्या बुडाशी पिल्लं घातली होती आणि रामरावांची लेक उमा पोटावर सरपटत त्यांच्यापाशी पोचली होती. मागं कुणाची तरी चाहूल लागली. तिला वाटलं, गडी कडूबा असेल.

“हाट की बाजूला, उजेड आडवून राह्यला. आन ते पोतं दे इकडं.”

पोतं आलं.

“आता झिपरीला धर. न्हाईतर ती मला बाहेर येऊ द्यायची न्हाई.”

 मग एक अनोळखी, जरा घाबरलेला आवाज म्हणाला, “झिपरी म्हंजे... माझ्या पोटरीकडं बघून राह्यली, ती का?”

उमा बाहेर आली ती केसांत कडबा, गालाला माती आणि पदरात दोन पिल्लं घेऊन. समोर एक उंच तरुण उभा. एका हातात सायकल, आणि दुसरा हात त्यानं झिपरीला वास घ्यायला पुढं धरलेला. झिपरी गुरगुरत होती, पण त्यानं हात मागं घेतला नव्हता. उमानं ते बघितलं. पुढं सगळं बिघडलं तरी तो पुढं धरलेला हात काही तिला विसरता आला नाही.

तो दीनानाथ. शेजारच्या गावच्या काकासाहेबांचा पुतण्या. औरंगाबादेत मॅट्रिक करून परत आला आणि सगळे नोकरीमागं पळत असताना यानं मोसंबीची बाग लावली. रोपं कमरेला लागली आणि रानडुकरांनी रोजचा फेरा धरला. राखणीला कुत्रं पाहिजे होतं. आता कुत्रं काय, गावात वाटेल तितकी हिंडतात, पण झिपरीच्या वाणाची गोष्ट वेगळी होती. रझाकारांच्या दिवसांत तिच्या आईनं वेळेवर भुंकून सारी आळी जागी केली होती. तेव्हापासून लोक लांबून लांबून पिल्लू मागायला येत आणि रामराव सगळ्यांना एकच सांगत, “उमाला विचारा. ते सगळं तिच्याकडं.”

“ते तांबडं द्या मंग,” दीनानाथ म्हणाला. “चांगलं गुबगुबीत हाय.”

“बाजारात वांगे निवडून राह्यले का?”

“मंग कसं निवडायचं असतं?”

“आधी खाली बसा. उभ्यानं पिल्लू दिसत न्हाई, निस्ती पाठ दिसते.”

तो मुकाट्यानं मातीत बसला. पांढऱ्या पायजम्याचं काय होईल हे त्यानं बघितलंसुद्धा नाही, आणि उमाला तेही आवडलं. तिनं तांबडं पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवलं. “पोट दाबून बघा. टम्म हाय ना? आन बरगड्या वर आल्यात. हे खाल्लेलं पोट न्हाई, जंताचं हाय. त्याला वावडिंगाचं पाणी चालू हाय. आता हे बघा.” तिनं दुसरं उचललं. काळपट, एक पाय पांढरा. “डोळे साफ, चिपडं न्हाईत. नाक वलं. हिरडी गुलाबी. शेपटीखाली कोरडं. कातडं ओढून सोडलं की जागच्या जागी बसतं.”

“म्हंजे हे चांगलं.”

“तब्येतीनं चांगलं. सोभाव अजून कुठं कळला?”

“तो कसा कळतो?”

“येत राहा, मंग कळंल. आज न्हाई भेटायचं. अजून दूध पिऊन राह्यलेत. आईपासून जल्दी तोडलं की पिल्लू चावरं निघतं.” ती उठली. पदर झटकता झटकता म्हणाली, “आन आमच्या घरची एक रीत हाय. नेणाऱ्यानं आपल्या हातानं झिपरीला भाकर चारायची. तिनं खाल्ली तर पिल्लू. न्हाई खाल्ली तर रामराम.”

“आन ती काहून खाईल माझ्या हातची?”

“तेच तर बघायचं असतं.”

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. उमानं उगाच झिपरीच्या अंगावरचं गवत काढायला घेतलं.

मग काय विचारता. भोकरदनच्या बाजाराला जाताना त्याची सायकल रामरावांच्या खळ्यावर थांबायला लागली. फडक्यात भाकरी बांधलेली असायची. तो ती झिपरीपुढं धरायचा, झिपरी मान फिरवायची, आणि भाकरी कडूबाच्या पोटात जायची. कडूबाला हा पाहुणा फार पसंत पडला होता.

एकदा उमानं पितळी ताट आणलं. पिल्लं ऊन खात पसरली होती. तिनं मागून दगडानं ताट वाजवलं — ठण्ण. एकच धावपळ उडाली. एक पिल्लू गंजीत घुसलं ते बाहेरच येईना. तांबडं मात्र उड्या मारत सरळ दीनानाथच्या पायाशी आलं आणि चपला चाटायला लागलं.

“हे बघा, किती लाडाचं. हेच नेतो,” तो म्हणाला.

“ते नका नेऊ. आधी धावत आलं ना, ते कोनाच्या बी पायाशी जाईल. चोराच्या बी. आन लपलं ते बी नको, ते जन्मभर भिऊन राह्यल.” तिनं बोट दाखवलं. “ते बघा.”

पांढऱ्या पायाचं पिल्लू दचकून बसलं होतं. कान उभे, मान तिरपी. त्यानं ताटाकडं बघितलं, आईकडं बघितलं, दीनानाथकडं बघितलं. मग उठलं, सावकाश चालत आलं, त्याचा अंगठा हुंगला आणि तिथंच टेकलं.

“जे थांबतं, बघतं, मंग येतं,” उमा म्हणाली, “ते आलं म्हंजे आलं. पुन्हा जात न्हाई.”

हे तिचं नव्हतंच मुळी. आजा म्हणायचा, बाप म्हणायचा, तेच ती म्हणाली. पण त्या दिवशी ऐकणारा असा होता की तिला आपलाच आवाज गोड वाटला.

दीनानाथ पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत होता. वर न बघता म्हणाला, “माणसाचं बी... असंच असतं का?”

आता इथं एखादी साधी पोरगी हसून गप्प बसली असती. उमाला उत्तर द्यायची खोड.

“असंच असतं की,” ती म्हणाली. “धावत येणाऱ्याचा काय भरवसा?”

त्यानं मान हलवली. शाळेत गणित समजल्यावर पोरं हलवतात तशी, अगदी मनापासून. उमाला तेव्हा त्याचं हसू आलं.

संक्रांत झाली. त्यानं तिळगूळ आणला, तिनं हलव्याचे चार दाणे त्याच्या तळहातावर टाकले, बोटं लागली आणि दोघंही एकदमच बाजूला बघायला लागले. दुसऱ्या एका सकाळी तिनं पिल्लू उताणं धरायला शिकवलं. छातीवर नुसता तळवा ठेवायचा, दाबायचं नाही. जे झटापट करून चावतं ते तापट. जे लगेच पाय गाळतं ते भेदरट. जे थोडं वळवळून मग शांत होतं आणि तुमच्याकडं बघतं, ते राखणीचं. पांढऱ्या पायाचं शांत झालं आणि बघत राहिलं. ते दोघंही बघत राहिले. कुणाकडं, ते सांगायची गरज नाही.

पौष सरत आला आणि अवचित आभाळ भरून आलं. असा अवकाळी पाऊस ज्वारीवर आला की गावाच्या तोंडचं पाणी पळतं. घरची सगळी माणसं रानाकडं धावली. खळ्यावर उमा एकटी, आणि नेमका दीनानाथ फाटकातून सायकल आत घालत होता. गंजीखाली पाणी शिरलं. झिपरीनं पिल्लं तोंडात धरून गोठ्याकडं न्यायला सुरुवात केली. ती पिल्लू नेई तेवढ्या वेळात दीनानाथनं उरलेल्यांवर पोतं ताणून धरलं. पाणी त्याच्या मानेवरून सदऱ्यात चाललं होतं, पण पोतं हललं नाही.

सगळी पिल्लं गोठ्यात आली. बैलांच्या अंगाचा ऊबदार वास, पत्र्यावर पावसाचा ताशा, आणि कोपऱ्यात ओली झिपरी पिल्लं चाटत बसलेली. दीनानाथनं फडकं सोडलं. भाकरी भिजून लगदा झाली होती. तरी त्यानं सवयीनं हात पुढं धरला.

झिपरीनं हुंगलं. त्याच्याकडं बघितलं. आणि खाल्ली.

“खाल्ली,” तो म्हणाला.

“खाल्ली,” उमा म्हणाली.

दोघांतल्या एकालाही आनंद झाला नाही.  आता पिल्लू जाणार, म्हणजे सायकल थांबणार नाही, म्हणजे बाजाराचा दिवस हा नुसता बाजाराचा दिवस होणार.

“उमा...” त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं. “मला एक विचारायचं होतं.”

“विचारा की.”

तो पावसाकडं बघत राहिला. ओले केस कपाळाला चिकटलेले. मग हळूच म्हणाला, “पौष चालू हाय.”

पौषात कुणी लग्नाची गोष्ट काढत नाही, हे काय उमाला सांगायला पाहिजे? तिला सगळं कळलं. कान गरम झाले.

“माघात विचारीन,” तो म्हणाला.

“विचारा मंग... माघात.”

पाऊस उघडल्यावर पांढऱ्या पायाचं पिल्लू त्यानं सदऱ्याच्या आत घातलं. फक्त नाकाडं बाहेर. झिपरी वेशीपर्यंत मागं गेली आणि परत आली. उमा फाटकाशी उभी होती. “त्याची खबर द्यायला या,” एवढंच तिला सुचलं.

“बराबर येतो,” तो म्हणाला.

माघ लागला. उमा सकाळीच न्हाली, वेणी घातली आणि काम नसताना खळ्यावर जाऊन बसली. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, बाजाराच्या दिवशीही नाही. आली ती झुंबरबाई आत्या, जालन्याचं स्थळ घेऊन. मुलाचं नाव बद्रीनाथ, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, घरात विजेचा दिवा. “पोरीला विहिरीचं पाणी वढायचं काम न्हाई,” आत्या म्हणाली. “आन त्यांना जल्दी हाय. होय म्हणा, न्हाईतर ते दुसरीकडं जातील.”

संध्याकाळी रामराव ओसरीवर दोर वळत बसले होते. त्यांनी उमाला हाक मारली.

“उमे, तुझ्या मनात काही येगळं असंल तर आत्ता बोल. मी रागावणार न्हाई. सुपारी फुटल्यावर मात्र माझ्या हाती काई राह्यचं न्हाई.”

नाव अगदी ओठांवर आलं होतं. एक शब्द काढायचा होता. पण काय सांगायचं? त्यानं विचारलं तर काहीच नव्हतं. “माघात विचारीन” म्हणाला होता, आणि माघ तर लागून गेला होता. त्याचं मन फिरलं असेल तर? आपण नाव घेतलं, बाप त्याच्या दारी गेला आणि तिथून मान खाली घालून परत आला तर? आणि खरं सांगायचं तर तिला रागही आला होता. पिल्लू भेटलं, काम झालं, असंच ना? तिनं एवढंच म्हटलं, “बाजार होऊ द्या अजून एक. मंग सांगते.”

“बरं,” रामराव म्हणाले. त्यांनी थोडी वाट बघितली. उमा अजून काही बोलेल असं त्यांना वाटलं असावं.

त्या बाजाराच्या दिवशी ती सकाळपासून खळ्यावर होती. एकदा झिपरीनं कान टवकारले आणि उमा उठून उभी राहिली. पोस्टाचा माणूस होता. सूर्य कलला, बाजारची माणसं गाठोडी घेऊन परत फिरली, शेवटची बैलगाडी गेली. उमा घरात आली, चुलीपुढं बसली आणि बापाला म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.”

सुपारी फुटली.

आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी दारात बैलांची दमणी थांबली. आतून काकासाहेब उतरले, डोक्याला नवा फेटा, हातात पेढ्यांची पुडी. त्यांच्यामागून दीनानाथ, काखेत पांढऱ्या पायाचं पिल्लू. ओसरीवर झुंबरबाई आत्या लग्नाची लुगडी उलगडून बसली होती.

काकासाहेब लुगड्यांकडं बघून काय ते समजले. पुडी त्यांनी फेट्याच्या शेमल्याखाली झाकली. रामराव उभेच राहिले, मग म्हणाले, “काकासाहेब, मागल्या बाजाराला आले असते तर... मी ह्याच पोराची वाट बघून राह्यल्तो.”

आत दाराशी उभ्या असलेल्या उमानं ते ऐकलं. बापालाही तोच हवा होता. एक शब्द. तिनं चौकट धरली.

मोठी माणसं चहाला बसली. चहा घ्यावाच लागतो, काहीही झालं तरी. दीनानाथ पिल्लाला आई दाखवायच्या निमित्तानं खळ्यावर गेला. उमाही गेली. आत्यानं बघितलं आणि लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

गंजी संपली होती. जमिनीवर थोडा पाचोळा तेवढा उरला होता.

“माघात येतो म्हणल्ते,” उमा म्हणाली.

“आल्तो. माघ लागला त्या सकाळीच सायकल काढली. वेशीपसून परत फिरलो.”

“काहून?”

 तो पिल्लाच्या कानाशी खेळत राहिला. “तुम्हीच म्हणल्त्या ना. आधी धावत येणाऱ्याचा भरवसा नसतो. मला वाटलं, पौष संपला न्हाई की लगेच आला, असं म्हणाल. म्हणून थांबलो. काका म्हणून राह्यल्ते, चल, चल. मीच म्हणलं, एक बाजार जाऊ द्या... अजून एक जाऊ द्या. मंग जाऊ. म्हंजे कसं... आलो म्हंजे आलो, असं वाटंल.”

उमाला वाटलं, जमीन फाटावी. किती ऐटीत बोलली होती ती, दगडानं ताट वाजवून.

“अवं, ते कुत्र्याचं होतं,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

“माणसाचं बी असंच असतं म्हणल्त्या.”

“मला काय ठावं होतं? तुम्ही धावत आले असते तर मी... मी वाटंत येऊन उभी राह्यले असते.”

त्यानं पिल्लू खाली सोडलं. आता ते चांगलं मोठं झालं होतं. छाती भरलेली, कातडीवर तकाकी. या पिल्लाची रीत उमाला पाठ होती: आधी बसेल, कान उभे करील, बघेल. पण ते बसलं नाही. उमाला बघताच थेट धावत आलं, तिच्या पदरात तोंड खुपसलं आणि शेपटीसकट सगळं अंग हलवायला लागलं.

“ह्याला बी कळलं,” दीनानाथ म्हणाला. “मलाच न्हाई कळलं.”

“आपल्या दोघांना न्हाई कळलं,” उमा म्हणाली. “मी बी बापाला नाव सांगू शकत होते. विचारलं होतं त्यांनी.”

ओसरीवरून काकासाहेबांची हाक आली. त्यानं शीळ घातली, पिल्लू उमाला सोडून त्याच्यामागं गेलं, आणि दमणी वळणाआड गेली तेव्हाही त्याचं काळं नाकाडं मागंच वळलेलं होतं.

बद्रीनाथ माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच पाहिजे. जालन्यात उमाचा संसार नीट चालला. विजेचा दिवा होता, पाणी ओढावं लागत नव्हतं. मोसंबीच्या दिवसांत बाजारात टोपल्या यायच्या आणि त्या कुठल्या बागेच्या हे तिनं कधी विचारलं नाही. मोसंबी मात्र ती घरी आणत नसे.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. तेलाच्या घाण्यामागं एका कुत्रीनं पिल्लं घातली आणि शेजारच्या पुष्पाबाई तिला ओढतच घेऊन गेल्या. “तुमाला पारख हाय म्हणतात. मला एक चांगलं निवडून द्या.”

उमानं खाली बसून बघितलं. डोळे, नाक, हिरड्या, पोट. हात आपोआप चालले. ताट मात्र तिनं मागितलं नाही. तेवढ्यात घाण्याचं दार धाडकन आपटलं. एक भुरं पिल्लू उड्या मारत पुष्पाबाईंच्या पायांवर चढलं. दुसरं, काळपट, जागच्या जागी बसलं. कान उभे, मान तिरपी.

“ते शांत दिसून राह्यलं,” पुष्पाबाई म्हणाल्या. “ते घेऊ का?”

“न्हाई. आलंय तेच घ्या.”

“पण हे तर कोनाच्या बी मागं जाईल.”

“जाऊ द्या,” उमा म्हणाली. “तुमच्याकडं आलं तर खरं.”

पुष्पाबाई पिल्लू पदराखाली घेऊन आनंदानं निघून गेल्या. काळपट पिल्लू अजून तिथंच बसून उमाकडं बघत होतं, यावं की नाही ते ठरवत. ते यायची वाट उमानं बघितली नाही. ती उठली, आपणच त्याच्यापाशी गेली आणि त्याला उचलून घरी आणलं.